संच्यातले आंब्याचे आइस्क्रीम

चि. छकुलीस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र येथे मस्कतला पोहोचले. घरात फ्रीज असताना आजी माळ्यावरचा संचा का काढायला लावते, आंबे खंडेराव मार्केटात आलेले असूनही अक्षय्य तृतीयेपर्यंत का थांबवते आणि शेजारच्या गुजराती काकूंकडेही तसाच संचा असताना त्याला ‘आपली पद्धत’ का म्हणते, असे तू विचारले आहेस.

प्रथम संच्याविषयी. तो मुळात आपला नाही. लाकडी बादलीत बर्फ, मधोमध धातूचा डबा आणि वर फिरवायचा दांडा, अशा यंत्राचे पेटंट 1843 साली अमेरिकेतील नॅन्सी जॉन्सन या बाईंनी घेतले. आपल्याकडे पुण्याचे नातेवाईक त्याला पॉट म्हणतात. आपण बडोद्याचे, म्हणून गुजरातीतला ‘संचो’ आपल्या तोंडी संचा झाला. गायकवाडांबरोबर अठराव्या शतकात मराठी माणसे बडोद्यात आली, तेव्हापासून दोन्ही स्वयंपाकघरांत अशी देवाणघेवाण चालूच आहे आणि मला ती फार मोलाची वाटते.

मग आपले काय? चैत्रात गौरीच्या हळदीकुंकवाला आंबेडाळ आणि पन्हे होते, म्हणजे कैरी चालते, पिकलेला आंबा नाही. अक्षय्य तृतीयेला पाण्याने भरलेला घट दान देतात, पितरांच्या नावाने आमरसाचे पान वाढतात आणि त्यानंतरच घरातली माणसे आंब्याला हात लावतात. सगळीच मराठी घरे हे पाळत नाहीत, पण आपल्या घरात ते मोडलेले मी पाहिलेले नाही. त्यात चवीचाही लाभ आहे, कारण सुरुवातीला बाजारात आलेला आंबा पुष्कळदा कोवळाच उतरवलेला असतो, आणि आंबट रसाचे आइस्क्रीम साखर वाढवूनही सुधारत नाही.

आता कृती नीट वाच. दोन लिटर म्हशीचे दूध सव्वा लिटर होईपर्यंत आटवावे, गरम असतानाच त्यात पाव किलो साखर विरघळवावी आणि ते पूर्ण गार होऊ द्यावे. आंब्याचा रस कोमट दुधातसुद्धा घालू नये, कारण त्यातल्या आंबटपणाने दूध फाटते. तुझ्याएवढा असताना मी घाईने तो तसा ओतला आणि दोन लिटर दूध वाया गेले, याची हळहळ मला अजून आहे. अर्धा लिटर रस पुरतो. केसर आंबा असेल तर वरून केशर घालायची गरज नाही. 1934 साली जुनागढच्या नवाबांनी त्याला हे नाव दिले ते गराचा रंग पाहूनच, असे सांगतात. शेजारच्या काकू आमरसात सुंठ घालतात, आजी आइस्क्रीमच्या दुधात जायफळ उगाळते. ‘आपली पद्धत’ म्हणताना तिच्या मनात बहुधा हेच असते. डबा दोन तृतीयांशच भरावा, कारण घोटताना मिश्रणात हवा शिरते आणि ते फुगते.

बर्फाची लादी गोणपाटात गुंडाळून बत्त्याने फोडावी आणि चार भाग बर्फाला एक भाग जाडे मीठ असे थर डब्याभोवती द्यावेत. मिठामुळे बर्फ शून्य अंशाच्या खालीही वितळत राहतो, वितळण्यासाठी लागणारी उष्णता तो डब्यातल्या दुधाकडून ओढून घेतो, आणि म्हणून नुसत्या बर्फाने जे कधीच गोठले नसते ते मीठ घातल्यावर अर्ध्या तासात गोठते. लाकूड बाहेरची उष्णता आत येऊ देत नाही. मेच्या दुपारी दांडिया बाजारच्या अंगणात पारा चाळिशीपार असताना त्याचे महत्त्व कळते. बादलीच्या भोकातून खारे पाणी वाहते आहे ना, याकडे लक्ष ठेव, नाहीतर ते झाकणाखालून आत शिरते.

फ्रीजमध्ये ठेवलेले दूध हलत नाही, त्यामुळे त्यात बर्फाचे मोठे स्फटिक होतात आणि आइस्क्रीम दाताखाली करकरते. संच्यातली पाती मात्र डब्याच्या भिंतीवर गोठलेला थर सतत खरवडतात, म्हणून स्फटिक बारीक राहतात. आजी याचसाठी संचा काढायला लावते. मी येथे फ्रीजमध्येच आंब्याचे दूध लावतो आणि दर अर्ध्या तासाने काढून घोटतो, तरी तो मऊपणा येत नाही.

दांडा जड झाला की दादाला हाक मार, पण मध्येच थांबवू नकोस. झाल्यावर पाती काढून, डबा पुन्हा बर्फात दाबून, वर गोणपाट टाकून तासभर ठेवतात. पहिली वाटी देवापुढे, दुसरी शेजारच्या काकूंकडे, आणि मग तुम्ही मुले. जायफळ किती उगाळायचे ते मी कधी मोजले नाही. या वेळी आजीजवळ बसून सहाणेवर किती वळसे घेते ते मोज आणि मला कळव.

तुझा,
बाबा