सात आठवडे झाले, ऑफिसातलं कोणी भेटलंच नाहीये

पत्र:
मावशी, मी 29 वर्षांची. पुण्यात चार वर्षं एका कंपनीत होते, दिवाळीनंतर बेंगळुरूच्या एका कंपनीत जॉइन झाले. पूर्ण रिमोट आहे म्हणून रूम सोडून तासगावला घरी आले (बाबांची द्राक्षबाग आहे). दुसऱ्याच आठवड्यात मोठ्या मिटिंगमधे रिस्ट्रक्चरिंग जाहीर झालं आणि ज्यांनी माझा इंटरव्ह्यू घेतला तेच गेले. सात आठवडे झाले, टीममधलं एकही माणूस प्रत्यक्ष भेटलेलं नाहीये. काही विचारावं तर वाटतं, हिला एवढंही येत नाही म्हणतील आणि पुढच्या लेऑफच्या यादीत माझंच नाव. ऑफिसच्या चॅटवर नावापुढचा ऑनलाइनचा हिरवा ठिपका दिसत राहावा म्हणून रात्री दहापर्यंत माऊस हलवत बसते. बाबा म्हणतात बरी चाललेली नोकरी सोडून हे काय घेऊन बसलीस. मी चूक केली का? आत्ताच दुसरीकडे अप्लाय करू का? घरी काकू सिलेंडर घ्यायला मलाच पाठवते, आई मिटिंग चालू असताना दार ढकलून पोहे आणून देते आणि सोमवारी मेंटेनन्सला लाइट जाते, ते वेगळंच.
– हिरवा ठिपका

अगं हिरवा ठिपका,

आधी ते माऊस हलवणं बंद कर. खरंच सांगते, रात्री दहाला तुझा ठिपका हिरवा आहे का हे तिकडे बेंगळुरूत कोणीही बघत बसलेलं नाहीये, आणि समजा कोणी बघत असेलच तर त्याला एवढंच कळतंय की ही मुलगी जागी आहे. काय करते, काय अडलंय, किती पटकन शिकते, यातलं काही त्या ठिपक्यातून कळत नाही. सात आठवडे तू फक्त दिसतेयस गं, बोलत नाहीयेस, आणि मला तुझ्या पत्रात सगळ्यात जास्त खटकलं ते हेच, लेऑफ वगैरे त्याच्या नंतर.

मी पण असंच जॉइन केलंय म्हणून बोलतेय. जून 2020, सगळीकडे कोरोनाचा लॉकडाउन हळूहळू उठवायचं मिशन बिगिन अगेन चाललेलं, आमच्या गल्लीच्या तोंडाला अजून बांबू बांधलेले, कुरियरवाल्याने लॅपटॉप बांबूच्या पलीकडे रस्त्यावर ठेवला आणि लांबूनच ओरडून ओटीपी विचारला. खोक्याला इतकं सॅनिटायझर मारलं मी की वरचा पत्ता पुसला गेला. काम पेरोलचं, म्हणजे लोकांच्या पगाराच्या हिशोबाचं होतं, वय 46, मधे काही वर्षं घरी बसलेली, त्यामुळे आपल्याला काही येत नाही हे कोणाला कळता कामा नये हा एकच अजेंडा. आणि पहिल्याच कॉलला मॅडम म्हणाल्या, "आज टीपी झाल्याशिवाय कोणी लॉगआउट करायचं नाही." आता आपल्याकडे टीपी म्हणजे काय ते तुला माहितीये. मला वाटलं वा, काय मस्त कंपनी आहे, लोकांचा मूड चांगला राहावा म्हणून सक्तीचा टाइमपास! मी बिनधास्त सहाला लॅपटॉप मिटला. पुढचे तीन आठवडे टीपी टीपी ऐकून मान हलवत राहिले, मग एकदा रात्री साडेआठला हिंमत करून एका ज्युनिअर मुलाला मेसेज टाकला, अरे टीपी म्हणजे नक्की काय रे. ट्रायल पेरोल. पगार सोडायच्या आधीची तालीम, आणि जॉइन झाले त्या दिवशी माझ्या वाटणीची तालीम दुसऱ्याच कोणीतरी केली होती. तो मुलगा हसला नाही गं, उलट म्हणाला मला पण पहिल्या महिन्यात कळलं नव्हतं. त्या दिवसापासून आमचं जमलं ते आजतागायत.

तर प्रश्न विचार. आणि आत्ता विचार, कारण नवीन माणसाच्या प्रश्नाला लोक कौतुकाने उत्तर देतात, तोच प्रश्न आठव्या महिन्यात विचारलास तर मात्र भुवया वर जातील. एकट्याला गुपचूप न विचारता टीमच्या ग्रुपमधे विचार (मी ज्युनिअरला गुपचूप विचारलं ते चुकलंच म्हणायचं), म्हणजे नाव लोकांच्या डोळ्यासमोर राहतं आणि अजून दोघातिघांना तेच अडलेलं असतं त्यांचंही काम होतं. फक्त "हे कसं करायचं" एवढंच नको लिहूस, मी हे करून बघितलं, इथपर्यंत आले, इथे अडलंय, असं लिही.

दुसरं म्हणजे रोज सहाला मॅनेजरला तीन ओळी. आज हे झालं, हे अडलंय, उद्या हे घेतेय, बस. तुझे बाबा फवारणीची वही ठेवत असतील ना, कोणत्या तारखेला कोणतं औषध किती मारलं? तसंच. तुझ्या नव्या मॅनेजरनी तुला निवडलेलं नाहीये, तू त्यांना वारशात मिळालेली आहेस हे लक्षात घे, ज्यांनी तुला पारखून घेतलं ते गेले, म्हणजे तू का घेतली गेलीस हे आता तिथे कोणाला धड माहितीच नाहीये! त्यामुळे या आठवड्यात त्यांच्याकडे अर्धा तास माग आणि सरळ विचार, माझा प्रोबेशन संपताना तुम्ही नेमकं काय बघून ठरवणार? पोटात गोळा येईल, पण विचार. उत्तर गुळमुळीत आलं तर तेही उत्तरच आहे, आणि उत्तर काहीही आलं तरी मिटिंग संपल्यावर काय ठरलं ते मेलवर टाकून ठेव.

आता बाबांचं. बरी चाललेली नोकरी म्हणजे कायमची नोकरी असं त्यांच्या पिढीला वाटणारच, आणि आपल्याकडे टीसीएसला लागला म्हणजे पोरगा सेटल, मुलगी द्यायला हरकत नाही असा हिशोब वर्षानुवर्षं होता. त्याच टीसीएसने जुलै 2025 मधे साधारण 2 टक्के म्हणजे 12,000 च्या वर लोक कमी करणार असं जाहीर केलं, आणि ते जास्त करून मधल्या आणि वरच्या फळीतले, म्हणजे वीस वीस वर्षं काढलेली माणसं. तेव्हा तू पुण्यात राहिली असतीस तर सुरक्षित असतीस हे तुला कोणी सांगितलं? तिथे फक्त ओळखीची माणसं होती आणि चहाची टपरी होती, त्यामुळे भीती सगळ्यांत वाटली जायची. इथे एकटी आहेस म्हणून तीच भीती मोठी वाटतेय. चूकबिक काही नाही केलीस. आणि खरं सांगू का, अनिश्चिततेबद्दल द्राक्षवाल्यापेक्षा जास्त कोणाला कळतं? ऑक्टोबर छाटणी घेताना पुढे अवकाळी येणार का, दावण्या (ती वेलीवरची बुरशी) येणार का, भाव काय मिळणार, काहीतरी माहीत असतं का? त्यांनाच एकदा बागेत जाऊन विचार की बाबा, पाऊस झाला की पहिलं काय करता तुम्ही. माझी खात्री आहे ते रडत बसत नाहीत, फवारणीचा पंप काढतात.

तुझा पंप म्हणजे कागद आणि पैसे, आणि यात मी जरा खडूस आहे कारण पेरोलमधे बसून लोकांचे घोळ बघितलेत. ऑफर लेटर काढ आणि प्रोबेशनमधे नोटिस किती दिवसांची आहे, दोन्ही बाजूंनी, ते वाच. बऱ्याच ठिकाणी प्रोबेशनला 15 किंवा 30 दिवस असतात आणि कन्फर्म झालं की एकदम 60 नाहीतर 90 होतात, लोक हे सही केल्यावर सहा महिन्यांनी वाचतात. जुन्या कंपनीने पीएफच्या पोर्टलवर तुझी सोडल्याची तारीख टाकली का बघ, नसेल तर ट्रान्सफर तिथेच अडकतं, सोडून दोन महिने झाले की ती तारीख स्वतःलाही टाकता येते. आणि पीएफ काढून नको घेऊस, ट्रान्सफर कर, पाच वर्षं भरायच्या आत काढलास तर टॅक्स लागतो आणि तुझी जुनी चार वर्षं ट्रान्सफर केलीस तर त्यात धरली जातात.

अजून एक, यात नव्वद टक्के पोरं आपटतात (हा आकडा माझ्या डोक्यातला आहे, कुठे सांगू नकोस). एप्रिलपासून दिवाळीपर्यंतचा पगार जुन्या कंपनीचा आणि नंतरचा नव्या कंपनीचा ना? नव्या कंपनीला जुन्या पगाराची माहिती दिली नाहीस, तो फॉर्म सगळे 12बी म्हणून ओळखतात, तर दोन्हीकडे 75,000 चं स्टँडर्ड डिडक्शन धरलं जातं, दोन्हीकडे खालचा स्लॅब धरला जातो, दर महिन्याला पगार छान दिसतो आणि रिटर्न भरताना एकदम मोठा आकडा अंगावर येतो. तेव्हा तो फॉर्म आजच भर.

आणि मेडिक्लेम. कंपनीचा ग्रुप मेडिक्लेम साधारणपणे नोकरीच्या शेवटच्या दिवसाबरोबर संपतो, म्हणजे नेमका जेव्हा पगार नाही तेव्हा तोही नाही. आईबाबांची त्यात नावं घातली असशील तर त्यांचंही तेच. स्वतःची एक पॉलिसी वेगळी काढ, 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक हेल्थ पॉलिसीवरचा 18 टक्के जीएसटी गेलाय. आईबाबांना शुगर बीपी काही असेल तर त्याला वेटिंग पिरियड लागतो (तोपर्यंत त्या आजाराचा क्लेम मिळत नाही), तीन वर्षांपर्यंत असू शकतो, म्हणून जितक्या लवकर काढशील तितकं बरं. पुण्याच्या रूमचं भाडं वाचतंय ते कुठे जातंय? सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला पडेपर्यंत ते भाडं अजून भरतेच आहेस असं समज आणि वेगळ्या खात्यात टाक.

अप्लाय करू का विचारतेस. रिझ्युमे नीट करून ठेव, कोणाचा फोन आला तर उचल, बोल. पण रात्री दहाला घाबरून पन्नास ठिकाणी अर्ज नको. सात आठवड्यांत का सोडताय याचं उत्तर प्रत्येक इंटरव्ह्यूत द्यावं लागेल आणि तुझ्याकडे आत्ता त्याचं उत्तर नाहीये, भीती वाटली हे काही उत्तर नव्हे. कन्फर्मेशनपर्यंत मन लावून काम कर. पगार उशिरा यायला लागला किंवा मॅनेजर अर्धा तास द्यायलाच टाळायला लागले तर मात्र थांबू नकोस, लगेच बघायला लाग.

घरच्यांचं तू पत्रात खाली जे लिहिलंयस, की काकू सिलेंडर घ्यायला तुलाच पाठवते आणि आई मिटिंग चालू असताना दार ढकलून पोहे आणून देते, त्यावर मी आईच्या बाजूने आहे, पोहे खा. काकूला मात्र सांग, दहा ते सहा मी ऑफिसात आहे, ऑफिस माडीवर आहे एवढंच. बाबांनाही एकदा शेजारी खुर्ची देऊन बसव, कॅमेरा बंद ठेवून एक कॉल ऐकू दे. कळणार काही नाही त्यांना, पण तुझ्याशी कोणीतरी बोलतंय, काहीतरी विचारतंय हे दिसेल. आणि तेवढ्यासाठी तरी तुला त्या कॉलवर तोंड उघडावं लागेल!

शेवटचं, स्वतःच्या खर्चाने जावं लागलं तरी चालेल पण महिन्याभरात एकदा बेंगळुरूला जाऊन ये. मॅनेजरला विचार टीममधले कोण कोण कोणत्या दिवशी ऑफिसला येतात. मिरजेहून दुपारी राणी चन्नम्मा एक्स्प्रेसमधे बसलीस की सकाळी बेंगळुरू, दोन दिवस राहायचं, सगळ्यांबरोबर जेवायचं. आणि जाताना घरचे बेदाणे ने, किलोभर नाही, चांगले चार किलो ने, हिरवे लांब वाले. तासगावच्या पोरीने टीमला भेटायला जाताना दुकानातला मिठाईचा बॉक्स नेला तर मी तुझ्याशी बोलणार नाही.

सोमवारी मेंटेनन्सला लाइट जाते म्हणून लिहिलंयस, ते मॅनेजरला माहितीये का? नसेल तर आजच्या तीन ओळींत चौथी ती टाक.

– मावशी