मुंगळ्याची राणी सापडली, आता पुढे काय?

पहिल्या पावसानंतर ठाण्यात सोसायटीच्या दिव्याखाली पंखवाले मुंगळे जमतात. त्यातली जाड छाती-पोटाची, पंख गळालेली, जमिनीवर फिरणारी मादी, म्हणजे राणी, उचला; तिच्यापासून घरी मुंगळ्यांची वसाहत वाढवता येते. बारीक अंगाचा, लहान डोक्याचा तो नर. तो काही कामाचा नाही. येऊरला मात्र शोधायला जाऊ नका, ती राष्ट्रीय उद्यानाची हद्द आहे.

काचेची टेस्ट ट्यूब घ्या, १६ बाय १५० मिमीची. एक तृतीयांश पाणी भरा आणि कापसाचा घट्ट बोळा पाण्याला टेकेपर्यंत सरकवा. बोळा ओला हवा, पण पाणी झिरपता कामा नये. राणी आत सोडून तोंडाला कोरडा कापूस लावा, ट्यूब आडवी करून अंधाऱ्या खणात ठेवा. फ्रिजवर किंवा उन्हाच्या खिडकीत नको: तापमान वरखाली झालं की आतली हवा फुगते-आकसते, पाणी बोळ्यातून पुढे येतं आणि अंडी बुडतात.

खायला काहीही देऊ नका. पंखांचे स्नायू जिरवून ती पहिली पिल्लं पोसते. रोज उघडून बघितलंत तर अंडी खाऊन टाकेल; आठवड्यातून एकदा लाल उजेडात बघा, पुरे. पहिल्या कामकरी मुंग्या यायला दीड महिना लागू शकतो. मग टाचणीच्या टोकाएवढं साखरपाणी आणि मारलेल्या डासाचा तुकडा. उरलेलं दुसऱ्या दिवशी काढा, नाहीतर बुरशी.

आणि घरातल्या बारीक काळ्या मुंग्या! कापसाच्या फटीतून शिरून त्या अख्खी वसाहत फस्त करतात. ट्यूबचा डबा पाण्याच्या परातीत ठेवा.