श्वान डांबरी रस्त्यावर येऊनच का घुटमळतो?

घरफोडीनंतर आलेला श्वान डांबरी रस्त्यापर्यंत जाऊन तिथेच घुटमळला, मग श्वानपथक आणून उपयोग काय झाला, असे आपण विचारले आहे. औसा तालुक्यातल्या एका गावात मी पोलीस पाटील म्हणून काम केले असून हा प्रश्न पारावर अनेकदा ऐकला आहे, बहुधा हसत हसत विचारलेला.

माणसाच्या अंगावरून त्वचेचे सूक्ष्म कण सतत झडत असतात. त्यांचा वास आणि पायाखाली चुरडलेल्या गवता-मातीचा वास मिळून जमिनीवर माग तयार होतो. चोर वाहनात बसला की तो माग तिथेच तुटतो. म्हणजे श्वान थांबला ती जागा बहुतेक वेळा वाहन उभे असल्याची जागा असते. आमच्याकडे एका आखाड्यावरून, म्हणजे शेतातल्या वस्तीवरून, सोयाबीनची पोती गेली, तेव्हा श्वान बांधाच्या कडेने थेट रस्त्यावर आला आणि गोल फिरू लागला. लोक हसले, पण हस्तकाने, म्हणजे श्वान हाताळणाऱ्या पोलिसाने, खाली वाकून पाहिले, तर मुरमात सोयाबीनचे दाणे सांडलेले होते आणि शेजारी टेम्पोच्या चाकांचे ताजे वळण उमटले होते. पुढचा तपास त्या टेम्पोवरूनच झाला.

माग मोडतो तो बहुधा आपल्यामुळे आणि उन्हामुळे. एका घरफोडीत पोलीस पोचण्याआधीच घरच्या मावशींनी सवयीने अंगणात शेणाचा सडा टाकला होता. त्यांना दोष तरी कसा द्यावा! मे महिन्यात पारा ४० अंशांच्या वर असताना कोरड्या वाऱ्याने वास लवकर विरतो आणि तोंड उघडून धापा टाकणाऱ्या श्वानाला नीट हुंगताही येत नाही. दव असलेली पहाट त्याला सर्वांत सोयीची.

मुंबईच्या १९९३ च्या स्फोटांनंतर नावाजलेला जंजीर हा स्फोटके शोधणारा लॅब्राडोर होता. गुन्हेगाराचा माग काढणाऱ्या श्वानाचे प्रशिक्षण वेगळे असते.

श्वान ज्याच्या दारात थांबला तोच चोर, असे गाव ठरवून मोकळे होते, ते मात्र मला मान्य नाही. अब्दुल रझाक विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६९ मध्येच या पुराव्यावरचे आक्षेप तपासले होते: श्वान साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा राहून शपथेवर साक्ष देऊ शकत नाही, त्याच्या वतीने हस्तकच बोलतो. अशा पुराव्याला सहसा फारसे वजन देता येत नाही, असेच न्यायालयाने म्हटले. तो तपासाची दिशा दाखवतो, एवढेच.

पथक येईपर्यंत चोराची चप्पल किंवा रुमाल सापडल्यास हात न लावता त्यावर घमेले पालथे घालावे, आणि चोरीनंतर घरात कोण कोण वावरले ते हस्तकाला न लपवता सांगावे.