पेल्यातले जेवण: स्मूदीविषयी वाचकांचे प्रश्न

स्मूदीने जेवणाची जागा घेतली तर चालेल का, असे विचारणारी पत्रे सध्या सातत्याने येत आहेत. कोणी वजन उतरवण्यासाठी विचारते, कोणी घरच्या वृद्धांसाठी, कोणी केवळ वेळ पुरत नाही म्हणून. गरज वेगळी असल्याने प्रत्येकाचे उत्तरही वेगळे आहे. त्यांतील काही प्रश्न येथे घेतले आहेत.

प्रश्न: मी ३६ वर्षांची असून ठाण्याहून रोज लोकलने कामाला जाते. गेले काही महिने सकाळचा नाश्ता आणि रात्रीचे जेवण यांऐवजी केळे, आंबा किंवा चिकू, दूध, खजूर, मध आणि पीनट बटर यांची स्मूदी घेते. वजन उतरण्याऐवजी थोडे वाढलेच. असे का व्हावे?

तुम्ही लिहिलेल्या पदार्थांपैकी एकही स्वतंत्रपणे वाईट नाही, पण ते सगळे एका पेल्यात आल्यावर काय होते ते पाहा. एक मोठे केळे, दीडशे ग्रॅम आंब्याचा गर, पाव लिटर गाईचे दूध, दोन खजूर, एक मोठा चमचा मध आणि तेवढेच पीनट बटर यांचे साधारण ५५० ते ६०० कॅलरी होतात. त्यांत प्रथिने जेमतेम १५ ग्रॅम असतात, तंतुमय पदार्थ ८ ग्रॅमच्या आसपास आणि साखर, दुधातली व फळांतली धरून, ८० ग्रॅमच्या जवळपास. याच्या शेजारी शंभर ग्रॅम ज्वारीच्या पिठाच्या दोन भाकरी आणि चाळीस ग्रॅम कोरड्या मटकीची, चमचाभर तेलातली उसळ ठेवली, तर कॅलरी ५०० च्या आसपास, प्रथिने १८ ग्रॅम आणि तंतुमय पदार्थ सुमारे १६ ग्रॅम मिळतात, आणि साखर नगण्य असते. जे जेवण तुम्ही ‘जड’ म्हणून सोडले, ते सोडून घेतलेल्या पेल्यापेक्षा हलके होते.

दुसरे कारण भुकेचे आहे. पातळ पदार्थांतून आलेल्या कॅलरींची दखल शरीर तितक्या नेमकेपणाने घेत नाही. अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठाच्या संशोधकांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या एका छोट्या प्रयोगात त्याच व्यक्तींना चार आठवडे रोज ४५० कॅलरी जेली बीन्स या खाऊच्या गोड गोळ्यांमधून आणि आणखी चार आठवडे तेवढ्याच कॅलरी गोड पेयातून दिल्या होत्या. गोळ्या खाल्ल्या तेव्हा त्यांनी इतर खाणे आपोआप कमी केले, पेय घेतले तेव्हा मात्र केले नाही. २०१६ मध्ये नेदरलँड्समधील वाखेनिंगन विद्यापीठाच्या अभ्यासात तर १०० कॅलरींच्या घट्ट शेकने ५०० कॅलरींच्या पातळ शेकपेक्षा पोट अधिक भरल्याची जाणीव दिली. दाटपणा, चावणे आणि खाण्याला लागणारा वेळ यांचा तृप्तीशी संबंध असतो, आणि दोन भाकरी पाच मिनिटांत खाऊन होत नाहीत.

तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये दिलेल्या मार्गदर्शक तत्त्वांतील २००० कॅलरींच्या नमुन्यात दिवसभरासाठी भाज्या ४०० ग्रॅम, डाळी-कडधान्ये ८५ ग्रॅम आणि फळे १०० ग्रॅम असे प्रमाण आहे. तुमच्या दोन पेल्यांत फळे त्याच्या चौपटीहून अधिक झाली आणि भाजी-आमटीला दिवसात एकच जेवण उरले. पेल्यात काय घातले एवढेच आपण मोजतो. त्याने ताटातून काय बाहेर काढले, तेही मोजायला हवे. मध आणि खजूर काढून टाका, सकाळची स्मूदी हवी तर ठेवा, पण रात्री भाजी-भाकरीच खा.

प्रश्न: मिक्सरमध्ये फिरवल्यावर फळातील चोथा नष्ट होतो, असे ऐकले. मग स्मूदी आणि रस सारखेच का?

चोथा नष्ट होत नाही, त्याचे कण बारीक होतात. रस गाळला की मात्र तो बहुतांशी बाहेर जातो, म्हणून दोन्ही सारखे नाहीत. ब्रिटनमध्ये १९७७ साली झालेल्या एका प्रसिद्ध अभ्यासात, सारखीच कर्बोदके देतील अशा बेताने सफरचंद अख्खे, लगदा करून आणि रस काढून दिले गेले. रस अख्ख्या सफरचंदापेक्षा अकरा पटींनी आणि लगद्यापेक्षा चौपट वेगाने संपला. अख्ख्या फळाने पोट सर्वाधिक भरले, लगद्याने त्याहून कमी आणि रसाने सर्वांत कमी. रक्तातील साखर तिन्ही वेळा सारखीच चढली, परंतु रसानंतर ती पुढे अधिक खाली घसरली.

याला एक पुस्ती जोडली पाहिजे. प्लिमथ विद्यापीठातील अलीकडच्या काही छोट्या अभ्यासांत, बिया असलेली फळे बियांसह वाटल्यावर रक्तातील साखर अख्ख्या फळापेक्षा जास्त वाढली नाही, उलट काही वेळा कमीच वाढली. दळल्या गेलेल्या बियांतील तंतू आणि इतर घटक हे त्याचे संभाव्य कारण मानले जाते. हे प्रयोग निरोगी तरुणांवर आणि ठरावीक फळांवर झाले असल्याने ते आंबा-चिकूला किंवा मधुमेहींना सरसकट लावता येणार नाहीत. तरीही स्मूदीला विष ठरवणाऱ्यांनी ते लक्षात घ्यावेत. ब्रिटनच्या आरोग्य यंत्रणेने रस आणि स्मूदी मिळून दिवसाला १५० मिलीची मर्यादा सुचवली आहे, आणि ती मला वाजवी वाटते.

प्रश्न: माझे वय ५२, चार वर्षांपासून मधुमेह आहे, ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन सुरू आहे. परदेशात केवळ पेयांवर राहून मधुमेह बरा केल्याचे वाचले. मी दोन वेळा भाज्यांची स्मूदी घेऊन तसे करू शकतो का?

तुम्ही वाचले ते बहुधा ब्रिटनमधील ‘डायरेक्ट’ या चाचणीविषयी असावे. तिचे पहिल्या वर्षाचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले आणि ते खरोखर लक्षणीय होते. रोज सुमारे ८२५ ते ८५३ कॅलरींचा द्रव आहार तीन ते पाच महिने घेतलेल्या गटातील ४६ टक्के लोकांचा टाइप २ मधुमेह वर्षाअखेरीस औषधांविना आटोक्यात होता. नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत हे प्रमाण ४ टक्के होते. दोन वर्षांनंतर ४६ चे ३६ टक्के झाले. द्रव आहार जेवणाची जागा कधीच घेऊ शकत नाही, असे म्हणणे त्यामुळे चुकीचे ठरेल.

मात्र ते पेय घरच्या मिक्सरमधले नव्हते. प्रथिने, जीवनसत्त्वे आणि क्षार मोजून भरलेली ती तयार पावडर होती. सहभागींचा मधुमेह सहा वर्षांच्या आतला होता, कोणी इन्सुलिन घेत नव्हते, आणि मधुमेहाची व रक्तदाबाची औषधे पहिल्याच दिवशी वैद्यकीय देखरेखीखाली थांबवली होती. ठरलेला काळ संपल्यावर त्यांना टप्प्याटप्प्याने नेहमीच्या अन्नाकडे परत आणले गेले. ग्लिमेपिराइड हे रक्तातील साखर उतरवणारे औषध घेऊन जेवणाऐवजी काकडी-दुधीची दीडशे कॅलरींची स्मूदी घेतल्यास साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली जाऊ शकते. घाम, थरथर, गोंधळल्यासारखे होणे ही त्याची लक्षणे आहेत. तुमच्या डॉक्टरांनी औषधांचे प्रमाण बदलल्याशिवाय एकही जेवण वगळू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. हा मार्ग तुमच्यासाठी योग्य आहे का, हे त्यांना जरूर विचारा, कारण मधुमेह होऊन चारच वर्षे झाली आहेत आणि वजन जास्त असेल तर ते उतरवण्याचा लाभ या काळात अधिक मिळतो.

प्रश्न: आईचे वय ७८, कोल्हापूरला असते. कवळी बसत नाही म्हणून ती जेवण टाळते. दिवसभर फळांच्या स्मूदीवर ठेवले तर चालेल का?

आधी दोन गोष्टी तपासा. कवळी सैल झाली असेल तर दंतवैद्याकडून ती नीट करून घेणे हाच खरा उपाय आहे. आणि पाणी पिताना त्यांना ठसका लागतो का, आवाज ओलसर होतो का, हे पाहा. तसे होत असेल तर गिळण्याचीच अडचण असू शकते आणि अशा व्यक्तीला पातळ पेय घट्ट अन्नापेक्षा अधिक धोक्याचे ठरते. ते फुप्फुसांत जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो, म्हणून डॉक्टरांचा सल्ला मिळेपर्यंत स्मूदीचा प्रयोग करू नये.

गिळणे व्यवस्थित असेल, तरी फळांच्या स्मूदीवर दिवस काढणे योग्य नाही. या वयात स्नायू झपाट्याने झिजतात आणि मूत्रपिंडाचा आजार नसल्यास दर किलो वजनामागे १ ते १.२ ग्रॅम प्रथिने मिळावीत, असे वृद्धांच्या पोषणाचे बरेच तज्ज्ञ सांगतात. आईंचे वजन ५० किलो असेल तर ही गरज ५० ते ६० ग्रॅम होते, आणि केळे-पपईतून ती कधीच भागणार नाही. आपल्याकडे मऊ आणि पातळ अन्नाची जुनी, जाणती परंपरा आहे, तिचा उपयोग करा: ताकातले नाचणीचे आंबील, मूगडाळ घालून शिजवलेली पेज, दुधात कालवलेले सातूचे पीठ, तूप घातलेली गुरगुटी खिचडी, चालत असल्यास मऊ उकडलेले अंडे. आमटीत किंवा दुधात कुस्करलेली भाकरी दात नसतानाही खाता येते, आणि तिच्यामुळे जिभेला व जबड्याला काम राहते. स्मूदी द्यायचीच असेल तर ती दोन जेवणांच्या मध्ये, दही आणि भाजलेल्या शेंगदाण्यांचे अगदी बारीक कूट घालून द्या. दर पंधरा दिवसांनी वजन करा. आणि शक्य असेल तेव्हा त्यांना पंगतीत सर्वांबरोबर बसवा. एकट्याने पेला संपवणारी वृद्ध व्यक्ती हळूहळू कमी खाऊ लागते, हे मी अनेक घरांत पाहिले आहे.

प्रश्न: चार वर्षांचा मुलगा भाज्या फक्त वाटून दिल्या तरच घेतो. तसेच चालू ठेवावे का?

काही दिवस चालेल, सवय म्हणून नको. चावणे आणि वेगवेगळे पोत स्वीकारणे मूल सरावानेच शिकते. वाटलेल्या पदार्थात लपलेला पालक त्याला ताटात कधीच ओळखीचा होत नाही. रोज एकच घास अख्ख्या भाजीचा ठेवा, सक्ती करू नका, आणि तीच भाजी तुम्ही त्याच्यासमोर खा. गिळताना तो वारंवार घुसमटत असेल किंवा वजन वाढत नसेल, तर मात्र बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

प्रश्न: मला पूर्वी मूतखडा झाला होता. रोज कच्चा पालक, बीट आणि बदाम यांची हिरवी स्मूदी घेतली तर?

घेऊ नका. तिन्हींत ऑक्झलेट, म्हणजे मूतखडे होण्यास हातभार लावणारा घटक, भरपूर असते, आणि कच्च्या पालकाच्या दोन मोठ्या मुठी जेवणात सहसा जात नसल्या तरी पेल्यात सहज जातात. हिरव्या स्मूदीच्या अतिरेकानंतर मूत्रपिंड निकामी झाल्याची नोंद वैद्यकीय नियतकालिकात २०१८ मध्ये झालेली आहे. त्या रुग्णेच्या पोटावर पूर्वी शस्त्रक्रिया झाली होती, हेही सांगायला हवे. पालक उकळून पाणी टाकून दिल्यास ऑक्झलेट कमी होते, म्हणून तो अधूनमधून शिजवून, दह्याबरोबर खावा. वॉर्फरिन हे रक्त गोठू न देणारे औषध घेणाऱ्यांनी हिरव्या पाल्याचे प्रमाण अचानक वाढवू नये आणि मूत्रपिंडाच्या रुग्णांनी पोटॅशियममुळे अशा स्मूदी डॉक्टरांना विचारूनच घ्याव्यात.

प्रश्न: मी नाशिकला परिचारिका आहे. रात्रपाळीत जेवायला दहा मिनिटेही सलग मिळत नाहीत. अशा वेळी स्मूदी चालेल ना?

तुमच्या बाबतीत अवश्य चालेल; बिस्किटे आणि चहावर रात्र काढण्यापेक्षा ती कितीतरी चांगली. फक्त तिची बांधणी जेवणासारखी असावी: ३०० मिली दूध, तीस ग्रॅम सातूचे पीठ, वीस ग्रॅम भाजलेल्या शेंगदाण्यांचे कूट, चमचाभर जवसाची पूड आणि एक लहान केळे. यातून ५०० कॅलरींच्या आसपास ऊर्जा आणि २० ग्रॅमहून अधिक प्रथिने मिळतात. साखर किंवा मध नको. ती चमच्याने खाता येईल इतकी दाट ठेवा आणि पुढच्या जेवणात उसळ व भाजी दोन्ही असू द्या. दूध-फळांचे मिश्रण तासन्‌तास बाहेर ठेवू नका. वॉर्डात फ्रिज नसेल तर पीठ, कूट आणि जवस कोरडेच डब्यात न्या, आयत्या वेळी दुधाच्या छोट्या सीलबंद पाकिटात कालवा, आणि केळे सोलून तसेच खा.