सगळ्यांनी ‘हो’ लिहिले, म्हणजे सारे आलबेल?

प्रश्न : आमच्या विद्यापीठात ‘तुम्हाला येथे सन्मानाची वागणूक मिळते का?’ अशी प्रश्नावली वाटली. बहुतेकांनी ‘हो’ लिहिले. एवढ्यावर अहवाल पूर्ण करावा का?
– एक प्राध्यापिका

उत्तर : करू नये. ज्या फॉर्मवर विभाग, वर्ष आणि प्रवर्ग अशा तिन्ही गोष्टी विचारल्या जातात, त्यावरून वर्गातली एकुलती एक आदिवासी मुलगी सहज ओळखू येते. साहजिकच ती ‘हो’ लिहून मोकळी होते. अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २००७ मध्ये दिल्लीच्या ‘एम्स’ या वैद्यकीय संस्थेतील जातीय भेदभावाविषयी अहवाल दिला, तेव्हा तिने वर्ग, परीक्षा, मेस, खेळाचे मैदान असे एकेक ठिकाण घेऊन विचारणा केली होती, आणि अनुसूचित जाती-जमातींचे विद्यार्थी हॉस्टेलच्या ठरावीक मजल्यांवर एकवटल्याचे त्यातून पुढे आले. आपणही खोल्यांचे वाटप, तोंडी परीक्षेचे गुण आणि मध्येच शिक्षण सोडणाऱ्यांची यादी प्रवर्गवार मांडून पाहावी. तक्रारपेटी रिकामी असणे मला तरी शुभचिन्ह वाटत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०१२ च्या नियमावलीत भेदभावविरोधी अधिकारी नेमण्याची तरतूद होती. आपल्याकडे ते कोण आहेत, हे किती विद्यार्थ्यांना सांगता येते, एवढे जरूर विचारावे.