विश्वाचे ‘प्रसरण’ की ‘विस्तार’?

‘डार्क एनर्जीमुळे विश्वाचा विस्तार होत आहे’ या वाक्यात ‘विस्तार’ योग्य की ‘प्रसरण’, असे आपण विचारले आहे. माझा कौल ‘प्रसरण’ या शब्दाला आहे.

विस्तार राज्याचा होतो, मंत्रिमंडळाचा होतो. म्हणजे हद्दीबाहेरचे काहीतरी आत घेतले जाते. विश्वाबाहेर मोकळी जागा पडून आहे आणि विश्व तिच्यात हातपाय पसरत आहे, अशी चुकीची समजूत त्यातून होते. प्रत्यक्षात वाढते ते दीर्घिकांमधील, म्हणजे ताऱ्यांच्या प्रचंड समूहांमधील, अंतर. तापलेल्या लोखंडाचे ‘प्रसरण’ आपण शाळेत शिकतो. तेथेही बाहेरून काही न येता कणाकणांतले अंतर वाढते. ओवा घातलेली पुरी लाटताना पाहावे: दाणे आहेत तेवढेच राहतात, पण प्रत्येक दाण्यापासून बाकीचे सगळे दूर जातात आणि जो आधीच लांब होता तो अधिक सरकतो. (पुरीला कड असते, विश्वाला तशी कड मानण्याचे कारण नाही.) भिजवलेल्या साबुदाण्याची उपमा मात्र टाळावी, कारण तेथे दाणेच फुगतात; दीर्घिका गुरुत्वाकर्षणाने बांधलेल्या असल्याने फुगत नाहीत.

दीर्घिकांच्या सर्वेक्षणात मोजले जाते तेही अंतरच. अ‍ॅरिझोनातील किट पीक येथे 4 मीटर व्यासाच्या मेयॉल दुर्बिणीवर बसवलेले ‘डेसी’ हे उपकरण 5,000 प्रकाशतंतूंपैकी प्रत्येक तंतू एकेका दीर्घिकेवर रोखून त्यांचे वर्णपट घेते; त्यांवरून दीर्घिकांचे अंतर कळते. आद्य विश्वातील ध्वनिलहरींनी दीर्घिकांच्या मांडणीत आजच्या मापाने सुमारे 49 कोटी प्रकाशवर्षांची खूण सोडली आहे. ती वेगवेगळ्या काळात आकाशात केवढी दिसते, यावरून प्रसरणाचा इतिहास उलगडतो. ‘विस्तार’ शब्द येथे बसतो तो सर्वेक्षणासाठी: त्याचा नियोजित विस्तार 14,000 चौरस अंश, म्हणजे आकाशाचा सुमारे एक तृतीयांश भाग होता.

आपल्या वाक्यात आणखी एक दुरुस्ती हवी. प्रसरण खगोलशास्त्रज्ञ एडविन हबल यांच्या 1929 च्या निरीक्षणांपासून परिचित आहे. 1998 मध्ये दूरच्या अतिनवताऱ्यांवरून (स्फोट होणाऱ्या ताऱ्यांवरून) कळले ते त्याचा वेग वाढत असल्याचे, आणि त्या वाढीच्या कारणाला ‘डार्क एनर्जी’, म्हणजेच कृष्ण ऊर्जा, हे नाव मिळाले. म्हणून ‘कृष्ण ऊर्जेमुळे विश्वाच्या प्रसरणाचा वेग वाढत आहे’ असे लिहावे. ही ऊर्जा काळानुसार क्षीण होत असावी, असे ‘डेसी’च्या 2024 व 2025 मधील विश्लेषणांतून सूचित होते. मात्र तेवढ्यावरून ‘विश्वाचे आकुंचन सुरू’ असे लिहिणे चूक ठरेल, कारण ओसरत असेल तर तो प्रसरणाला मिळणारा रेटा, प्रसरण नव्हे.