मुलीच्या युनिव्हर्सिटीत पहिल्याच आठवड्यात 'नार्कॅन ट्रेनिंग' आहे. म्हणजे तिथे ड्रग्जचा सुळसुळाट आहे का?

तुमची मुलगी ऑगस्टमध्ये कॅल स्टेटच्या (कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीच्या) एका कॅम्पसवर एम.एस.ला निघाली आहे, ओरिएंटेशनच्या वेळापत्रकात बँक खातं आणि लायब्ररी यांच्या मध्येच हा शब्द दिसला आणि तुमची झोप उडाली. तिने ते ट्रेनिंग टाळलं तर चालेल का, असं तुम्ही विचारलंय. टाळू नये. मी कॅलिफोर्नियातल्याच एका युनिव्हर्सिटीच्या हॉस्टेल विभागात गेली सहा वर्षं काम करते आणि हे ट्रेनिंग दर सेमिस्टरला घेते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी सुळसुळाटाचं. २०२२ साली इथे 'कॅम्पस ओपिऑइड सेफ्टी अ‍ॅक्ट' मंजूर झाला. कॅल स्टेट आणि कम्युनिटी कॉलेजांनी ओरिएंटेशनमध्ये या विषयाची माहिती द्यायची आणि नालोक्सोन कॅम्पसवर उपलब्ध ठेवायचं, असा त्याचा गाभा. ओपिऑइड म्हणजे अफूच्या जातीची वेदनाशामक आणि नशेची द्रव्यं; ती जास्त झाली की श्वास थांबतो. नालोक्सोन हे तो परिणाम उलटवणारं औषध, नार्कॅन हा त्याचा नाकात मारायचा स्प्रे. त्यामुळे वेळापत्रकात हा शब्द असणं हे कॉलेज कामाला लागल्याचं लक्षण आहे. नसता तर मीच तुम्हाला चौकशी करायला सांगितलं असतं.

आपल्या डोक्यात 'ओव्हरडोस' म्हटलं की पुलाखाली पडलेला व्यसनी माणूस येतो. इथे मला भीती वाटते ती परीक्षेच्या आठवड्याची. रात्रभर जागायचंय म्हणून कुणीतरी मित्राच्या मित्राकडून अ‍ॅडरॉलची, म्हणजे एकाग्रतेसाठी डॉक्टरच्या चिठ्ठीवर मिळणाऱ्या औषधाची, एक गोळी घेतो. दिसायला अगदी दुकानातल्यासारखी, आत मात्र फेंटानिल हे ओपिऑइड. हेरॉइनच्या पन्नासपट तीव्र. दोन मिलिग्रॅम, म्हणजे मिठाचे मोजके दाणे, जीव घ्यायला पुरू शकतात. मे २०२२ मध्ये ओहायो स्टेटमध्ये सेमिस्टर संपता संपता दोन विद्यार्थी दगावले, तेव्हा कोलंबस शहराच्या आरोग्य विभागाने बनावट अ‍ॅडरॉलबद्दलच सावधगिरीचा इशारा दिला होता. त्या वर्षी अमेरिकेत एक लाखाहून जास्त माणसं ओव्हरडोसने गेली. २०२४ मध्ये आकडा ऐंशी हजारांच्या आसपास उतरला, पण तोही काही थोडाथोडका नाही.

स्प्रे वापरणं शिकायला दहा मिनिटंही लागत नाहीत. पाकीट फाडायचं, नळी एका नाकपुडीत बोटं नाकाला टेकेपर्यंत घालायची आणि खालचा दट्ट्या दाबायचा. आधी हवेत मारून 'चालतोय का' बघायचं नाही. आत एकच डोस असतो. (दर बॅचमध्ये एक तरी इंजिनिअर हे करायला जातोच, म्हणून सरावाचे रिकामे स्प्रे वेगळे ठेवते.) दोन-तीन मिनिटांत श्वास सुधारला नाही तर दुसऱ्या नाकपुडीत दुसरा स्प्रे. मधल्या वेळात दर पाच सेकंदांना तोंडाने एक श्वास द्यायचा. चुकून ओपिऑइड न घेतलेल्या माणसाला मारला तरी त्याने अपाय होत नाही.

अवघड आहे ते ओळखणं. फेंटानिल श्वासच मंद करतं, आणि अशा माणसाच्या घशातून घरघर येते. ती ऐकून रूममेट म्हणतात, "घोरतोय, झोपू दे." ट्रेनिंगमध्ये मी सगळ्यात जास्त वेळ या एका वाक्यावर घालवते. हाक मारून उठत नसेल तर मूठ वळून बोटांची हाडं छातीच्या मधल्या हाडावर जोरात घासायची. तरी हलला नाही तर तो झोपलेला नाही. पोस्टरवर लिहिलेलं असतं की ओठ निळे पडतात; आपल्या सावळ्या कातडीवर तो निळेपणा दिसेलच असं नाही, राखाडी, पांढुरकी छटा दिसते. नखं बघावीत, ओठांच्या आतली बाजू बघावी.

आता आमची फजिती सांगते. आमच्याकडे स्प्रेचे खोके होते, पोस्टर होतं, नकाशावर ठिपकेही होते. एकदा रात्री साडेअकराला मी चार विद्यार्थ्यांना सांगितलं, घड्याळ लावते, जवळचा स्प्रे शोधून आणा. पहिला ठिपका हेल्थ सेंटरचा, ते पाचला बंद. दुसरा ऑफिसातल्या कपाटात, किल्ली ज्या बाईंकडे त्या तासाभराच्या अंतरावर राहतात. एक पोरगी अकरा मिनिटांनी स्प्रे घेऊन धापा टाकत आली. श्वास थांबला की मेंदूला चार-पाच मिनिटांत इजा व्हायला लागते. त्यानंतर आम्ही कपाटं सोडली. आता प्रत्येक मजल्यावर, लाँड्रीशेजारी, कुलूप नसलेल्या पेटीत दोन-दोन स्प्रे असतात. सुरुवातीला "पोरं चोरतील" अशी ओरड झाली. चोरू देत की, कुणाच्या तरी बॅगेतच जातील ना!

दुसरा अडथळा भीतीचा, आणि तो आपल्या मुलांमध्ये मला जास्त दिसतो. ९११ ला फोन केला तर पोलीस येतील, व्हिसा जाईल, घरी कळेल. अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत 'गुड समॅरिटन' कायदे आहेत. मदत मागवणाऱ्यावर आणि रुग्णावर जवळ थोडं ड्रग सापडल्याचा खटला सहसा होत नाही. इमिग्रेशन केंद्र सरकारचं, तिथे राज्याचा हा कायदा ढाल होत नाही, हे खरं. पण ज्याने स्वतः काही घेतलेलं नाही, त्याने मित्रासाठी फोन करायला कचरू नये. फोन करायलाच लागतो, कारण स्प्रेचा असर तीस ते नव्वद मिनिटं टिकतो आणि तो उतरल्यावर माणूस पुन्हा बुडू शकतो. शुद्धीवर आलेला मुलगा चिडेल, ओकेल, "मी ठीक आहे" म्हणेल. त्याला कुशीवर वळवून अँब्युलन्स येईपर्यंत तिथेच बसायचं.

तुमच्या मुलीला सांगा, खोली मिळाली की पहिल्या दिवशी एवढंच विचारायचं: "रात्री दोन वाजता स्प्रे कुठे मिळेल?" उत्तर देताना समोरचा अडखळला तर हेल्थ सेंटरमधून स्वतःचा एक डबा मागून घ्यायचा, विद्यार्थ्यांना तो तिथे फुकट मिळतो. सप्टेंबर २०२३ पासून दुकानातही चिठ्ठीशिवाय मिळतो, पण फुकट मिळत असताना पैसे कशाला घालवायचे? डबा अभ्यासाच्या टेबलाच्या ड्रॉवरमध्ये ठेवायचा, गाडीत तापू द्यायचा नाही, आणि रूममेटला दाखवून ठेवायचा. तिचं काही झालं तर शोधायला तीच असणार आहे.